पाइप घ्यायचाय, बजेट बेताचं आहे

शेवटचा_बाक

नमस्कार मंडळी. सिगरेट कधी जमली नाही, पण मामांच्या पाइपचे झुरके अधूनमधून घेत आलोय. आता स्वतःचा एक असावा असं वाटायला लागलंय. आठवड्यातून एखाद-दुसरी संध्याकाळ, त्यापेक्षा जास्त ओढणं होणार नाही.

शोधायला बसलो आणि डोकं गरगरलं. एका टोकाला मक्याच्या बुरकुंडाचे पाइप, अगदी स्वस्त. दुसऱ्या टोकाला मोठ्या नावांचे ब्रायर (एका झुडपाच्या गाठीच्या लाकडाचे), त्यांच्या किमती पाहून पान मुकाट बंद केलं. मधे मात्र जत्रा भरलीय. कोरीवकाम केलेले, सिंहाच्या तोंडाचे, सोबत स्टँड, पाऊच, लायटर, सगळं एका खोक्यात आणि तरी साध्या ब्रायरच्या निम्म्या किमतीत. फोटोत हेच सगळ्यांत देखणे दिसतात.

मला देखणा नको, भरवशाचा हवा. कडू लागू नये, तोंडात पाणी येऊ नये, तळ जळून भोक पडू नये आणि नीट वागवला तर काही वर्षं टिकावा. जाणकारांनी सांगा, नेमकं बघायचं काय?

धूम्रवर्ण

तो सिंहाचा खोका आधी विसरा. त्याच्यावर लेथवाली ताई बोलतीलच, लाकूड हा त्यांचा प्रांत.

पाइप ही फार साधी वस्तू आहे. तंबाखू जळायची एक पोकळी म्हणजे बाउल, तिच्या तळातून निघणारं भोक आणि ते भोक तोंडापर्यंत नेणारी नळी. खिसा हलका असेल तेव्हा फक्त या हवेच्या वाटेचे पैसे द्यायचे. लाकडाच्या रेषा, चांदीचं कडं, डबी, नाव हे सगळं त्यानंतर.

बाउलमध्ये वरून डोकवा. भोक तळाला टेकलेलं आणि मधोमध दिसलं पाहिजे. तळापासून वर असेल तर खालची तंबाखू कधीच जळत नाही, तिथे ओला चिखल साठतो आणि दर वेळी शेवटाकडे गुरगुर सुरू होते. एका अंगाला सरकलेलं असेल तर बाउलची तीच बाजू जास्त तापते. मग नळी न काढता तोंडाकडून पाइप क्लीनर (आत फिरवायची लवदार तार) घाला. फार न ढकलता त्याचं टोक बाउलमध्ये बाहेर आलं पाहिजे. ही एक परीक्षा पास झाली की निम्मी काळजी मिटली. त्यानंतर रिकामा पाइप ओढून बघा. स्ट्रॉने पाणी पिताना लागतो तेवढाच जोर लागावा. शिट्टी वाजली तर वाट कुठेतरी चिंचोळी आहे किंवा जोडापाशी पोकळी राहिलीय. भोक साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर असलं की ओढ मोकळी मिळते.

नळी दांड्याला (बाउलमधून निघालेल्या लाकडी भागाला) टेकते तो जोड उजेडासमोर धरा. फट दिसता कामा नये.

पहिल्या पाइपला बाउलची पोकळी १९-२० मिमी रुंद आणि ३५-४० मिमी खोल असली की पुरे. फार मोठा घेतलात तर नवख्याला शेवटपर्यंत पेटता ठेवता येत नाही. दातांत धरायचा असेल तर वजन ४० ग्रॅमच्या आसपास बघा, ६० च्या पुढचा हातातच धरावा लागतो. आणि सगळं बजेट पाइपवर उडवू नका. टँपर (तंबाखू दाबायचं साधन) आणि क्लीनरच्या दोन-तीन जुड्या त्याच पैशांत धरा.

नुसताच_वाचक

वाचनखूण साठवली. ओढत नाही, ओढणारही नाही, पण वस्तू कशी तपासायची हे वाचायला मजा येते.

लेथवाली

धूम्रवर्ण काकांनी हाक मारलीच आहे, तर थोडं सविस्तर.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राभोवती वाढणारं एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप. पाइपला त्याचं खोड लागत नाही. खोड आणि मुळं यांच्या मधे जमिनीलगत एक गाठ धरते, ती लागते. कित्येक दशकं वाढलेली गाठ खणून काढतात, चिरा पडू नयेत म्हणून ओली ठेवतात, कापतात, तासन्‌तास उकळून तिच्यातला रस आणि टॅनिन काढतात आणि मग महिनोन्‌महिने वाळवतात. कॅलाब्रिया, टस्कनी, कॉर्सिका, ग्रीस, अल्जीरिया इथून हा माल येतो. फ्रान्समधल्या सेंट-क्लोद गावाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हे लाकूड पाइपसाठी उचललं आणि तेव्हापासून त्याला तोड सापडलेली नाही. घट्ट, हलकं, उष्णता सोसणारं आणि ओल पिणारं, हे चारही गुण एका लाकडात क्वचित भेटतात. उकळण्या-वाळवण्यात चालढकल झाली तर मात्र ब्रायरसुद्धा महिनाभर कडू लागतो. स्वस्त ब्रायरमधला खरा फरक बरेचदा इथे असतो आणि तो फोटोत दिसत नाही.

आता किंमत कशाने चढते ते बघा. गाठ जमिनीत वाढते, त्यामुळे तिच्या पोटात खडे, वाळू, भेगा असतात. लेथवर फिरवायला लागल्यावरच त्या उघड्या पडतात. एकही खड्डा न निघालेला, रेषा उभ्या सरळ असलेला बाउल शेकड्यात थोडाच निघतो आणि त्याचे पैसे तसेच मोजावे लागतात. बाकीच्यांचं काय करतात? बारीक खड्डे असतील तर लांबी (पुट्टी) भरून गडद रंग देतात. जास्त असतील तर पृष्ठभाग खरवडून खडबडीत करतात, म्हणजे खड्डा नक्षीत जिरतो. वाळूचा मारा करूनही खडबडीत करतात, तो प्रकार थोडा महाग पडतो. धुराला यातलं काहीच कळत नाही. उलट खडबडीत पाइप हातात कमी गरम लागतो, कारण पृष्ठभाग वाढतो आणि बोटं त्याला कमी ठिकाणी टेकतात.

म्हणून बेताच्या बजेटात माझं मत एकच, त्याच कारखान्याचा खडबडीत पाइप घ्या. आतलं ड्रिलिंग तेच, पैसे कमी. गुळगुळीत हवाच असेल तर लांबी भरलेली चालेल, फक्त ती बाउलच्या काठावर किंवा दांड्याच्या जोडापाशी नको.

सिंहाच्या खोक्याबद्दल: वर्णनात ‘ब्रायर’ हा शब्द नसेल, ‘अस्सल लाकूड’, ‘रोजवूड’, ‘एबनी’ असं काही असेल, तर ते ब्रायर नाही असं धरून चाला. रोजवूडच्या जातीची लाकडं तेलकट असतात. त्यांच्या भुशानं कातडीवर पुरळ उठतं, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा. असलं लाकूड तापवून त्यातून हवा ओढायची कल्पना मला झेपत नाही. वर जाड चकचकीत वार्निश दिलेलं असतं, गरम झालं की त्याला फोड येतात. काहींच्या आत धातूची वाटी बसवलेली असते. लाकूड जळू नये म्हणून ती घालतात, पण ती स्वतःच इतकी तापते की तंबाखू भाजून निघते.

तिरकस

लाकडाचं प्रवचन उत्तम, पण ब्रायर म्हणजे एकमेव देव नव्हे. पोलंडमध्ये पशेमिश्लला नाशपातीच्या लाकडाचे पाइप वर्षानुवर्षं बनताहेत, लोक ओढताहेत, कुणाचं तोंड भाजलेलं ऐकलं नाही. किंमत ब्रायरपेक्षा बरीच खाली.

लेथवाली

नाशपातीला माझा विरोध नाही. लाकूड वासाला सौम्य आहे, लेथवर छान चालतं. पण ब्रायरइतकं घट्ट नाही. जोरजोरात ओढणाऱ्या माणसाच्या हातात त्याचा तळ लवकर काळवंडतो. आणि नवखा माणूस जोरजोरात ओढतोच. सावकाश ओढायची सवय असलेल्याने खुशाल घ्यावा.

शेवटचा_बाक

ताई, काका, मनापासून आभार. आकाराचं काय? मला वाकडा पाइप आवडतो, हनुवटीकडे उतरणारा. सरळ पाइप मास्तरांच्या छडीसारखा दिसतो.

लेथवाली

ड्रिल सरळ जातं, हीच अडचण. सरळ पाइपमध्ये दांड्यातून घातलेलं ड्रिल थेट बाउलच्या तळाला निघतं. दांडा वर वळवला की तिथून घातलेलं ड्रिल तिरकं खाली उतरतं. त्याला तळाच्या बरोबर मध्यावर निघायचं असतं आणि दांड्यात नळी बसायची जागाही त्याच रेषेत यावी लागते. वळण जास्त असेल तर या दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत. मग हवेचं भोक जोडाच्या खोबणीत मधे न येता वरच्या काठाला चिकटून येतं आणि क्लीनर नेमका तिथे अडकतो. महागडा कारागीर वेळ घालून हे साधतो. घाईच्या मालात ते नशिबावर असतं.

सरळ किंवा किंचित वाकलेला घ्या. पाव वळणापर्यंत धोका फारसा नाही. सरळ ‘बिलियर्ड’ हा सगळ्यांत कंटाळवाणा आकार आहे आणि म्हणूनच त्यात चुका कमी निघतात.

तिरकस

मग पीटरसनचे ‘सिस्टिम’ पाइप? ते तर वाकडेच असतात आणि त्यांत क्लीनर बाउलपर्यंत जातच नाही. धूम्रवर्णांच्या परीक्षेत सगळे नापास. तरी डब्लिनची ती कंपनी शंभर वर्षांच्या वर ते विकतेय.

धूम्रवर्ण

तिरकसराव, बरोबर पकडलंत. तो अपवाद आहे आणि मुद्दाम केलेला आहे. १८९० मध्ये चार्ल्स पीटरसनने त्याचं पेटंट घेतलं. दांड्यात एक खोलगट टाकी असते. धूर तिथे उतरतो, ओल टाकीत पडते आणि धूर कोरडा होऊन वर जातो. क्लीनर त्या टाकीतच शिरतो. पण तिथे नळी धातूच्या कड्यात नुसती दाबून बसवलेली असते, त्यामुळे पाइप गरम असतानाही ती काढून टाकी पुसता येते. बाकीच्या पाइपमध्ये हे कधीही करू नका. गरम असताना नळी पिळली तर आतलं खुंटीसारखं टोक मोडतं नाही तर दांडा चिरतो. पाइप मरण्याचं हे फार ठरलेलं कारण आहे.

तोंडात फार पाणी सुटणाऱ्यांना सिस्टिम पाइप खरंच सोयीचा. त्यातली सगळ्यांत खालची श्रेणी लांबी भरलेल्या बाउलची असते, रचना मात्र वरच्यांसारखीच. बजेट थोडं ताणता येत असेल तर विचार करा. नळीच्या टोकाचं भोक वरच्या बाजूला असतं, धूर जिभेवर न पडता टाळूकडे जातो. काहींना ते जन्मभर आवडतं, काहींना ते टोक दातांत धरवत नाही.

तिरकस

म्हणजे शेवटी नावालाच पैसे द्यायचे ना?

धूम्रवर्ण

नावाला नाही, सातत्याला. सावीनेली, पीटरसन, शाकॉम, व्हाउएन या कारखान्यांतून वर्षाला हजारोंनी पाइप निघतात. त्यांचा खालच्या श्रेणीतला पाइप सुंदर नसेल, पण भोक तळालाच निघण्याची शक्यता दांडगी. सावीनेलीच ‘रॉसी’ नावानं थोडा स्वस्त मालही काढते. अमेरिकेत ‘डॉ. ग्रॅबो’ आहे, दिसायला साधा आणि वागायला सरळ. कॅनडाच्या ‘ब्रिगहॅम’मध्ये मेपल लाकडाची बारीक पोकळ काडी फिल्टर म्हणून असते. ही नावं तुम्हाला जिथे जी मिळतील ती घ्या, त्यांच्यात डावं-उजवं करण्यात रात्री घालवू नका.

लंडनच्या महागड्या डनहिलच्या पांढऱ्या ठिपक्याचे पैसे वेगळे. त्यावर या धाग्यात बोलणं म्हणजे भाड्याच्या खोलीत झुंबर लावण्यासारखं.

शेवटचा_बाक

हा हा. पटलं. आणि मक्याचा? तो खेळणं आहे की खरंच ओढतात?

सावकाश

खेळणं? दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जनरल मॅकआर्थरला विचारा. त्याच्या तोंडातला तो उंच बाउलचा पाइप मक्याचाच होता आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे बनवून घेतलेला होता.

मिसूरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावात हेन्री टिब नावाचा डच सुतार होता. १८६९ मध्ये त्याने बुरकुंड लेथवर फिरवून पाइप विकायला सुरुवात केली. पुढे १८७८ मध्ये बुरकुंडाची बाहेरची छिद्रं प्लास्टर ऑफ पॅरिसनं बुजवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. तीच कंपनी आज ‘मिसूरी मीरशॉम’ नावाने चालू आहे. मीरशॉम म्हणजे तुर्कस्तानात एस्कीशेहिरजवळ मिळणारं पांढरं, सच्छिद्र खनिज. त्याच्यासारखा हलका आणि थंड ओढतो म्हणून हे नाव. त्यासाठी जाड बुरकुंडाचा खास मका पिकवतात आणि बुरकुंडं दीर्घकाळ वाळवतात.

नवख्यासाठी मी कॉबच (हाच मक्याचा पाइप) आधी सांगतो. पहिल्या दिवसापासून गोड लागतो, ओल पितो आणि बिघडला तर जीव तुटत नाही. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दांड्याचं लाकूड थोडं बाउलच्या आत आलेलं असतं. पहिल्या काही वेळा ते जळून जरा विचित्र वास येतो, मग जातो. आणि तळ फार खरवडायचा नाही. राखेत थोडं पाणी कालवून तळाला लिंपलं आणि वाळू दिलं तर तळ टिकतो.

शेवटचा_बाक

आणि खरा मीरशॉम?

सावकाश

बेताच्या बजेटात जो मिळतो तो बहुतेक भुकटी दाबून केलेला असतो. अखंड दगडातला महाग, आणि हातातून फरशीवर पडला की संपला. सध्या विचार नको.

मला खरं बोलायचंय ते जुन्या पाइपबद्दल. तुमच्या पैशांत नवा साधा ब्रायर येतो. तेवढ्यातच कुणीतरी ओढून ठेवलेला, एक पायरी वरचा पाइप येतो. पाइप नीट धुतला, घासला, उकरला की परत नव्यासारखा होतो, कारण तोंडाला लागणारी नळी वेगळी काढून साफ करता येते आणि बाउलमधला थर उकरता येतो.

पण फोटो मागून घ्या. बाउल वरून आतपर्यंत, दोन्ही बाजूंनी जोड, दांड्याची खालची बाजू आणि नळीचं टोक. एका विक्रेत्याने मला फक्त बाजूचे सुरेख फोटो पाठवले. पाइप आला तेव्हा आतली पोकळी अंडाकृती निघाली. आधीच्या मालकानं चाकूनं उकरून उकरून एक भिंत निम्मी केली होती. आतला कार्बनचा थर जाड असेल तर त्यामागे काय आहे ते कळत नाही, म्हणून बाहेरून बाउलवर एखादा गडद डाग दिसतोय का ते बघा. तो डाग म्हणजे आतून जळत आलेलं लाकूड. दांड्यावर केसाएवढी चीर असेल तर सोडून द्या. काठ जळलेला असेल, नळी हिरवट-पिवळी पडली असेल, तर मात्र घासाघीस करून घ्या, कारण हे दोन्ही दुरुस्त होतं.

लेथवाली

हिरवट नळी म्हणजे एबोनाइट, गंधक घालून कडक केलेलं रबर. उजेडानं आणि लाळेनं त्याचा वरचा थर उतरतो, चवही वाईट लागते. बारीक पॉलिश पेपर ओला करून घासलं की खालून परत काळं निघतं. सावकाश घासा, टोकाची कड गेली तर नळीचा आकार जातो. ॲक्रिलिकची नळी कधी रंग बदलत नाही, पण दातांना कडक लागते. आणि ॲक्रिलिक अल्कोहोलमध्ये भिजत ठेवू नका, बारीक तडे जातात.

शेवटचा_बाक

आतून साफ करताना मीठ आणि अल्कोहोल घालून रात्रभर ठेवतात असं वाचलं. खरं?

सावकाश

करतात. मी मिठाऐवजी कापूस वापरतो. बाउलमध्ये कापूस दाबायचा, दांड्यात कापसाची वात सरकवायची आणि ड्रॉपरनं तीव्र अल्कोहोलचे थेंब सोडायचे. सकाळी कापूस काळाकुट्ट होतो. मीठ दांड्यात गेलं तर ओल धरतं आणि लाकूड चिरतं असा अनुभव सांगणारे बरेच आहेत, मग कशाला जोखीम. बाहेरच्या पृष्ठभागाला अल्कोहोल लागू देऊ नका, चकाकी निघून जाते. थर उकरताना पूर्ण साफ करायचा नाही, एखादा मिलिमीटर ठेवायचा. लाकडाचं रक्षण तोच करतो.

दंतकथा

मी दातांची डॉक्टर आहे, धाग्याचं नाव बघून आत आले. ‘बंद करा’ म्हणायला नाही, इथे सगळे सज्ञान आहेत. पण ‘भरवशाचा’ हा शब्द वारंवार येतोय म्हणून लिहिते.

पाइपचा धूर छातीत घेत नाही म्हणून सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात जातं. ओठ, जीभ, घसा, अन्ननलिका आणि फुफ्फुसं यांच्या कर्करोगाचा धोका पाइप ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांपेक्षा स्पष्ट जास्त असतो. चांगलं लाकूड किंवा फिल्टर यानं तो जात नाही. आठवड्यातून एकदा ओढणं आणि दिवसभर ओढणं यात फरक आहे, पण शून्य धोक्याची पातळी नाही.

पाइपवाल्यांत एक ठरलेली गोष्ट दिसते. टाळू पांढरट होऊन त्यावर बारीक लाल ठिपके येतात. गरम धुरामुळे होतं, ओढणं थांबवलं की सहसा निवळतं. पण पुसून न जाणारा पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर धागे वाचत बसू नका, येऊन दाखवा.

आणि दात. नेहमी एकाच जागी नळी धरणाऱ्यांच्या वरच्या-खालच्या दातांत गोल खाच पडलेली मी पाहिलीय. नळीच्या टोकाला रबराची टोपी घाला. त्याहून बरं, पाइप हातात धरा.

धूम्रवर्ण

डॉक्टरीणबाई, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. टाळूचा तो प्रकार मला झाला होता, महिनाभर सोडल्यावर गेला.

नुसताच_वाचक

म्हणजे माझा निर्णय बरोबर होता.

शेवटचा_बाक

डॉक्टर, स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार. घरी हाच प्रतिसाद वाचून दाखवला, त्यामुळे ‘फार तर आठवड्यातून एकदा’ हे आता लेखी झालंय.

फिल्टरचा उल्लेख झाला म्हणून विचारतो. ९ मिलिमीटरचा फिल्टर असलेला एक पाइप बजेटात बसतोय. घ्यावा का?

तिरकस

फिल्टर ही सवय आहे. एकदा लागली की फिल्टर संपले म्हणून पाइप पडून राहतो.

धूम्रवर्ण

थोडं बरोबर. कागदाचा, कोळशाचा, बाल्सा लाकडाचा, सगळे मुख्यतः ओल शोषतात. सुरुवातीला जिभेला चटका बसत असेल तर मदत होते. पण ९ मिलिमीटरसाठी पोखरलेल्या दांड्यात फिल्टर न घालता ओढलं की ती मोठी पोकळी रिकामी राहते, धूर तिथे थंड होऊन पाणी सुटतं आणि गुरगुर. त्यासाठी वेगळा अडॅप्टर मिळतो. खोक्यात तो आहे का ते विचारून मगच घ्या. सावीनेलीचा ६ मिलिमीटरचा बाल्सा असतो, कॉबमध्येही ६ चाच कागदी फिल्टर बसतो. बेताच्या बजेटात फिल्टरचा कायमचा खर्च लावून घ्यायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी वापरत नाही.

आणि चटका हा बहुतेक वेळा पाइपचा दोष नसतो. तंबाखू ओली असते. डबीतून काढून तासभर कागदावर पसरा. बोटांत दाबल्यावर गोळा होऊ नये आणि चुराही होऊ नये. तळाला सैल भरा, वर थोडी घट्ट. पहिल्यांदा पेटवली की ती फुगून वर येते, टँपरनं हलकेच दाबा आणि पुन्हा पेटवा. मग इतकं सावकाश ओढा की बाउल गालाला लावता यावा. विझली तर विझू द्या, परत पेटवण्यात काहीच कमीपणा नाही.

नव्या बाउलला आतून मध चोपडायचा सल्लाही कुणीतरी देईलच. चोपडू नका, नुसता चिकटा होतो.

सावकाश

+१. आणि एकच पाइप असेल तर ओढून झाल्यावर क्लीनर फिरवून किमान एक दिवस वाळू द्या. रोज ओढणाऱ्याला एकाने भागत नाही ते यासाठीच. उग्र सुगंधी तंबाखू एकदा ओढली की तिचा वास बाउलमधून लवकर जात नाही. असले प्रयोग कॉबमध्ये करा.

शेवटचा_बाक

ठरलं. कॉब आणि साध्या कारखान्याचा खडबडीत ब्रायर, दोन्ही बजेटात बसले, कारण स्टँड, लायटर आणि पाऊच यातलं काही घेतलं नाही. मागवतो.

शेवटचा_बाक

पार्सल आलं. कॉब झकास, क्लीनर आरपार. ब्रायर पाव वळणाचा घेतला, आकाराचा मोह सुटला नाही. वजन ३८ ग्रॅम, जोड घट्ट, बाउलचं भोक तळाला आणि मधोमध. पण क्लीनर जोडापाशी अडतो. टोक थोडं वाकवून, फिरवून घातलं की तीनातल्या एका वेळेस जातो. ओढून बघितलं तर बारीक शिट्टी येते. अजून पेटवलेला नाही.

लेथवाली

नळी काढा (थंड आहे म्हणून चालेल) आणि दांड्यात टॉर्च मारून बघा. हवेचं भोक खोबणीच्या मधे आहे की वरच्या काठाला? मग नळीच्या खुंटीची लांबी क्लीनरनं मोजा आणि खोबणीची खोली मोजा. खुंटी आखूड असेल तर पुढे पोकळी राहते, शिट्टी तिथून येत असणार.

शेवटचा_बाक

भोक बरंच वर आहे, जवळजवळ काठाला. खुंटी खोबणीपेक्षा साधारण दोन मिलिमीटर आखूड. घरी ड्रिल आहे, भोक थोडं मोठं करू का?

लेथवाली

हात लावू नका. भोक आधीच काठाला असेल तर मोठं करताना ड्रिल दांड्याची भिंत फोडेल. शिवाय एकदा ड्रिल लावलं किंवा पेटवलं की परत घेणार नाहीत. दोन मिलिमीटरची पोकळी एकवेळ चालली असती, अडणारा क्लीनर मात्र दर वेळी छळेल. परत पाठवा आणि त्याच मालिकेतला सरळ मागा.

शेवटचा_बाक

पाठवला. न पेटवलेला म्हणून कुरकुर न करता बदलून देतायत. सरळ बिलियर्ड मागितलाय, छडी तर छडी.

धूम्रवर्ण

छान. आला की पेटवायच्या आधी बाउलचा वरून एक फोटो इथे टाका. तोवर कॉबमधला कागदी फिल्टर काढून ओढून बघा आणि कोणती तंबाखू घेतलीत ते लिहा, भरण्याबद्दल बोलू.